कुठलंही कुलूप, अर्ध्या तासात

जाहिरात केल्याशिवाय धंदा वाढत नाही, असं माझ्यासमोर पुन्हा कोणी म्हणालं, तर मी त्याला त्याच्याच घरात कोंडून बाहेरून कुलूप घालीन. मला ते चांगलं जमतं. कुलपं लावणं, उघडणं, दुरुस्त करणं आणि हरवलेल्या किल्ल्या बनवून देणं हाच माझा धंदा आहे, आणि एकोणीस वर्षं तो मी कोणाच्या अध्यातमध्यात न पडता करत होतो.

माझं दुकान लहान आहे. आत एक किल्ली कापायचं मशीन, एक स्टूल आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. माझं पोट थोडं सुटल्यापासून गिऱ्हाईक आणि मी एका वेळी आत मावत नाही, म्हणून गिऱ्हाईक पायरीवर उभं राहतं. दिवसाचे चार तास मी कोणाच्या ना कोणाच्या दारासमोर गुडघे टेकून बसलेला असतो. त्या अवस्थेत फोन घेता येत नाही. म्हणून दुकानाचा फोन पहिल्या दिवसापासून घरी, बायकोकडे.

आता ती फोन कसा घ्यायची ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. दाराबाहेर अडकलेला माणूस फोनवर आधी रडतो, मग ओरडतो, मग नवऱ्याला किंवा बायकोला दोष देतो. ही ते सगळं ऐकून घ्यायची आणि तीन गोष्टी विचारायची. आत कोणी आहे का, गॅसवर काही आहे का आणि किल्ली कुठे आहे. मग मी हातातलं काम संपवून फोन केला की सांगायची, अमक्याकडे आधी जा, तमकीला तासभर धीर आहे. इथवर ठीक. पण पुष्कळदा ती माणसाला फोनवरच सांगायची, दार स्वतःकडे घट्ट ओढून धरा, थोडं वर उचला आणि आता किल्ली फिरवा. आणि दार उघडायचं. रात्री जेवताना ती मोठ्या समाधानाने सांगायची, आज चार दारं उघडली. मी विचारायचो, त्यात माझं काय? तर म्हणायची, लोक लक्षात ठेवतात हो. मी मनातल्या मनात धुमसायचो. हलवायाच्या घरातून रोज चार माणसं फुकट जेवून गेली तर हलवायाला कसं वाटेल?

तर मागच्या वर्षी चौकात नवीन दुकान झालं. काचेचं दार, आत थंड हवा, बसायला कोच, भिंतीवर टीव्ही. कुलूप दुरुस्तीच्या दुकानात टीव्ही कशाला लागतो हे मला अजून समजलेलं नाही. त्या तरुण मालकाला आम्ही सगळे चकाचक म्हणतो. एके दिवशी सकाळी माझी दोन जुनी गिऱ्हाइकं त्याच्या काचेच्या दारातून हसत बाहेर पडताना मी पाहिली, आणि दुर्दैवाने त्याच संध्याकाळी माझा मेहुणा घरी आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. स्वतःचे तीन धंदे बुडवून झाल्यावर आता तो दुसऱ्यांना धंदा कसा करावा ते शिकवतो. त्याची बहीणच मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "माझा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याचं ऐकू नका." एकोणीस वर्षं मी त्याचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. नेमकं त्या दिवशी ऐकलं. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

मेहुण्याचं म्हणणं असं की, मी जगातला शेवटचा माणूस होतो जो सगळं स्वतः करतो. शहाण्या माणसाने फक्त आपलं मुख्य काम करावं आणि बाकी सगळं बाहेर द्यावं. जाहिरात बाहेर द्यावी, हिशेब बाहेर द्यावा, फोन बाहेर द्यावा. मी म्हटलं, मग मी घरी बसून काय करू? तर म्हणाला, "भावोजी, तुम्ही दूरदृष्टी ठेवा." माझ्या चष्म्याचा नंबर माहीत असूनही हे म्हणाला.

मग शेजाऱ्यांना वास लागला. समोरच्या इमारतीत, आमच्या बाल्कनीच्या अगदी समोर, एक निवृत्त साहेब राहतात. त्यांनी आयुष्यात एक पेनसुद्धा विकलेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. ते म्हणाले, जाहिरातीत तुमचा फोटो हवाच, लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात. दुकानाशेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, पाटीवर एवढी मोठी किल्ली लावा की बसमधून दिसली पाहिजे. माझी तोंडदेखली परवानगीही कोणी घेतली नाही. मी फक्त मान हलवत होतो, आणि ती माझी चूक.

किल्ली खरोखरच मोठी झाली. भिंतीतून हातभर बाहेर आली. आठ दिवसांत पालिकेची नोटीस आली की सदर किल्ली पदपथावर अतिक्रमण करत आहे. मी पालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी मला एक अर्ज दिला. त्यात विचारलं होतं की बांधकाम कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं, आणि त्यात शौचालयाची सोय आहे काय. मी म्हटलं, बाई, ही किल्ली आहे. त्या म्हणाल्या, किल्लीसाठी वेगळा अर्ज नाही. शेवटी मी 'शौचालय नाही' असं लिहिलं, तर त्याच कारणावरून अर्ज परत आला.

पण हे काहीच नाही. जाहिरातीचं पत्रक पाहा. मेहुण्याने ते स्वतः लिहिलं नाही, तत्त्वाला जागून बाहेर दिलं. ज्याला दिलं तो आधी गाद्यांच्या जाहिराती लिहायचा. छापून आलेले पाच हजार कागद सकाळच्या वर्तमानपत्रांतून घरोघर गेले, आणि मग माझ्या घरी आले. वर माझा फोटो होता. फोटोग्राफरने मला हसायला सांगितलं होतं आणि मला कोणी सांगितलं की हसता येत नाही, त्यामुळे नुसते दात दिसत होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"तुम्ही गाढ झोपा! कुठलंही कुलूप, किल्लीशिवाय, जराही आवाज न करता, अर्ध्या तासात उघडतो. तुम्ही घरी नसलात तरी!"

बायकोने ते वाचलं आणि खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "पत्ता छापलाय ते बरं केलं. शोधायला जायला नको."

दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीतून बोलावणं आलं. आमच्या भागात त्या आठवड्यात दोन घरफोड्या झाल्या होत्या. फौजदारांच्या टेबलावर माझं पत्रक काचेखाली ठेवलेलं होतं. त्यांनी विचारलं, मंगळवारी रात्री कुठे होता? मी म्हटलं, घरी. साक्षीदार? बायको. ती जागी होती का? नाही, झोपली होती. फौजदारांनी एकदा पत्रकाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाढ?"

ज्याच्या हातात लोक डोळे झाकून घराच्या किल्ल्या देत आले, त्या माणसाला हा प्रश्न विचारला. मी चौकीतून बाहेर आलो तेव्हा रागाने मला रस्ता नीट दिसत नव्हता. चोर सापडेपर्यंत रोज सकाळी अकराला हजेरी द्यायची, असं ठरलं. आत जाताना फोन बंद करून दारातल्या हवालदाराकडे द्यायचा आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. माझ्या शेजारी एक खिसेकापू बसायचा. तिसऱ्या दिवशी त्याने मला आपुलकीने विचारलं, नवीन का?

मी मेहुण्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, भावोजी, जाहिरात पोलिसांपर्यंत पोचली म्हणजे ती किती लांब पोचली बघा. अशा माणसाचं काय करावं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि फोन खरंच वाढले. निम्मे टवाळखोरांचे, की आम्ही दोन दिवस गावाला चाललोय, कधी येता? पण निम्मे खरे. तेव्हा मेहुणा एक कागद घेऊन आला. त्यावर रंगीत वर्तुळ होतं आणि त्यातला लाल भाग म्हणजे त्याची बहीण. दहा फोनांपैकी चार फोन ताई फुकट घालवते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जी गोष्ट मी एकोणीस वर्षं मनात धुमसत ठेवली होती, ती या गाढवाने रंगवून आणली. मला वाटलं, अरे, पहिल्यांदाच हा माणूस शहाण्यासारखं बोलतोय. फोन बाहेर द्यायचा ठरला. एक कंपनी होती, तिथे मुली दिवसभर इतरांचे फोन घेत बसतात.

मी हिला म्हटलं, तू आता आराम कर.

"मी मागितला का आराम?" ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, एकोणीस वर्षं दगदग केलीस. ती म्हणाली, दगदग होते असं मी एकदा तरी म्हणाले का? मग फोन टेबलावर ठेवला आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी घासत होती. ती दुखावली होती हे मला कळत होतं, पण मला वाटलं, होईल सवय. त्यानंतर ती दुकानाबद्दल एक शब्द विचारीना.

कंपनीकडून पहिल्याच दिवशी दारं पाठवायला सुरुवात झाली, पण उलटसुलट. जिथे माणूस नुसता वैतागला होता तिथे मी धावत गेलो, आणि जिथे म्हातारी आत अडकली होती तिथे दोन तासांनी. एक मास्तर दुकानात येऊन माझ्यावर खेकसले. ते म्हणाले, तुमच्या नंबरावर आधी गाणं वाजतं. मग सांगतात, घराबाहेर असाल तर एक दाबा, घरात असाल तर दोन दाबा. मी अर्धा आत आणि अर्धा खिडकीत होतो, मी काय दाबू? मला खोटं वाटलं, म्हणून मी स्वतः माझ्याच दुकानाला फोन लावला. एका गोड आवाजाने मला सांगितलं की, तुमचं दार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, मी मालक बोलतोय. तर म्हणाली, मालकांसाठी वेगळा पर्याय उपलब्ध नाही, तरी आपण लाइनवर थांबावं. मी थांबलो. माझ्याच दुकानाच्या लाइनवर मी बावीस मिनिटं गाणं ऐकत उभा होतो.

आता त्या दिवसाकडे येतो. आठवलं की अजून कान गरम होतात.

बुधवार होता. मी अकराला चौकीत गेलो, फोन बंद करून हवालदाराच्या हातात दिला. इकडे हिने गॅसवर दूध ठेवलं आणि कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली. आमच्या बाल्कनीच्या दाराची कडी सैल आहे. दार जोरात लागलं की कडी आतून आपोआप पडते. सहा महिने ती म्हणत होती, ती कडी बघा. मी म्हणायचो, बघतो. गावची कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात सैल कडी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. वारा आला, दार आपटलं, कडी पडली. ही तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत, दूध गॅसवर, आणि घराच्या मुख्य दाराला मी स्वतः निवडून आणलेलं, स्वतः बसवलेलं कुलूप. सबंध इमारतीत मी त्या कुलपाची फुशारकी मारत आलो होतो की हे माझ्याशिवाय कोणाच्या बापाला उघडायचं नाही.

तिचा मोबाईल सुदैवाने हातात होता. तिने मला फोन केला. बंद. चौदा वेळा केला. समोरच्या बाल्कनीतून निवृत्त साहेब तिला कपड्यांची दोरी सोडून खाली उतरण्याचा सल्ला देत होते. शेवटी तिने ओठ आवळून दुकानाचा नंबर लावला. एकोणीस वर्षं जो नंबर तिने घेतला, त्यावर तिने गाणं ऐकलं. मग तिने सांगितलं की मी मालकांची बायको, आत दूध उतू जातंय. गोड आवाजाने विचारलं, मॅडम, आपण पत्ता सांगता का? दुधाबद्दल पुढे एक शब्द विचारला नाही.

तिकडे चौकीत त्या दिवशी चोर सापडल्याची बातमी आली. फौजदारांनी माझा हात हातात घेतला आणि त्यांच्या घरचं कपाट उघडत नाही, जमलं तर येऊन जा, म्हणाले. माफी नाही, काही नाही. मी फणफणत बाहेर आलो, फोन चालू केला. पहिलाच संदेश कंपनीचा होता. "अभिनंदन! आपल्या वतीने आमच्या सहयोगी कारागिराने एका ग्राहकाला सेवा दिली आहे." खाली पत्ता होता. मी पत्ता वाचला. मला वाटलं, हा पत्ता ओळखीचा आहे. पुन्हा वाचला. मग त्याखालचे चौदा फोन दिसले आणि मी धावत सुटलो.

जिन्यात अख्खी इमारत उभी होती. माझं कुलूप, ते कोणाच्या बापाला न उघडणारं, नीट काढून पायपुसण्यावर ठेवलेलं होतं. घरभर जळक्या दुधाचा वास. खिडक्या उघड्या. बायको खुर्चीवर बसून पाणी पीत होती, आणि बाल्कनीच्या दाराशी, गुडघे टेकून, माझ्या घराची कडी आवळत चकाचक बसला होता.

त्या कंपनीनेही काम पुढे बाहेर दिलं होतं. जवळचा कारागीर म्हणून तिसऱ्याच कोणीतरी चकाचकला पाठवलं. म्हणजे माझ्या जाहिरातीवर, माझ्या नंबरावर, माझ्या घरी, तो.

मी ओरडलो. सबंध जिना ऐकत होता आणि मला ऐकवायचंच होतं. मी म्हटलं, माझ्या घराचं कुलूप फोडायची तुझी हिंमत कशी झाली? त्याने पान्हा खाली ठेवला, उभा राहिला आणि म्हणाला, "फोडलं नाही काका, उघडलं. मला उघडत नव्हतं. काकूंनी बाल्कनीतून फोनवर सांगितलं, दार वर उचला आणि मग फिरवा. दोन मिनिटांत झालं. आधी त्यांनी मला गॅसची मुख्य नळी बंद करायला सांगितलं होतं, जिन्यातली."

जिन्यातली माणसं कौतुकाने हिच्याकडे बघत होती. मी कुठे बघावं ते मला समजेना. चकाचक आपली हत्यारं आवरून, हिला नमस्कार करून गेला. मला नाही केला, किंवा केला असेल, मी पाहिला नाही.

दार लावून घेतल्यावर मी बोलायला लागलो. मेहुण्याला घराबाहेर काढतो, कंपनीला कोर्टात खेचतो, त्या गोड आवाजाला शोधून काढतो, किल्ली उतरवतो. ती जळलेलं पातेलं खरवडत सगळं ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, झालं गेलं सोड, उद्यापासून फोन परत तुझ्याकडे.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, रुसली आहे. मी म्हटलं, अगं, चूक झाली माझी. हे वाक्य मी एकोणीस वर्षांत प्रथमच म्हणत होतो, त्यामुळे त्याचा काही परिणाम होईल अशी माझी अपेक्षा होती.

तिने पातेलं खाली ठेवलं. "त्या मुलाने मला विचारलं, काकू, आमच्याकडे फोनवर बसाल का? दहा ते सहा. मी हो म्हणाले."

मी म्हटलं, त्याच्याकडे? माझ्या वैऱ्याकडे? लोक काय म्हणतील? तू माझी बायको आहेस.

"तुम्ही मला काढलंत तेव्हाही होते," ती म्हणाली. "मी तिथे नुसता फोन घेत नव्हते हो. तुम्हाला कधी कळलंच नाही. त्याला दोन मिनिटांत कळलं."

मला भयंकर राग आला. पण कोणाचा आला ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. मेहुण्याचा म्हणावा तर त्याने नुसती मती दिली होती, घेतली मी होती. चकाचकचा म्हणावा तर त्याने माझं घर जळू दिलं नव्हतं. मी रात्रभर कूस बदलत तिच्यावर चिडून पडलो होतो, आणि ती शेजारी शांत झोपली होती.

सकाळी साडेनऊला ती पर्स घेऊन गेली. मी कंपनीकडून फोन सोडवून घेतला, त्याची एक वेगळी कथा आहे आणि ती सांगताना माझा रक्तदाब वाढतो. दुकानात स्टुलावर बसून मी पहिल्यांदाच स्वतः फोन घ्यायला लागलो. पहिला माणूस म्हणाला, वहिनी नाहीत का? मी म्हटलं, नाहीत, काय काम आहे? तो म्हणाला, राहू द्या. दुसऱ्या बाईंनीही वहिनींना द्या म्हटलं. मी म्हटलं, मी मालक आहे, मला सांगा. त्या म्हणाल्या, नंतर करते. तिसरा, चौथा तेच. एकोणीस वर्षं लोक माझ्या दुकानाला फोन करत होते असा माझा समज होता.

पाचवा फोन एका मुलीचा, म्हणजे तरुण आईचा. दोन वर्षांचं बाळ आत, दाराचा खटका पडलेला, ही बाहेर. ती एवढी रडत होती की मला एक शब्द कळेना. मी म्हणत होतो, पत्ता सांगा, पत्ता, आणि मी जितका ओरडत होतो तितकी ती जास्त रडत होती. मधेच म्हणाली, वहिनींना द्या ना हो, वहिनींना द्या. मला तिचा राग आला, माझा आला, सगळ्यांचा आला. आणि मी तिला चकाचकच्या दुकानाचा नंबर सांगितला. सावकाश, दोनदा सांगितला.

मग मी स्टुलावर बसून राहिलो. तीन मिनिटांनी माझा फोन वाजला. हिचा होता.

"मागची गल्ली, निळं फाटक, पहिला मजला," ती म्हणाली. तिचा आवाज दुकानाचा होता, घरचा नव्हता. "बाळ पलंगावर बसून खेळतंय, जिन्याकडच्या खिडकीतून दिसतंय, घाई करून दार फोडू नका. आमचा माणूस लांब आहे, तुम्ही जवळ आहात. उघडलं की मला कळवा."

मी हत्यारांची पिशवी उचलली. जाताना वरच्या त्या मोठ्या किल्लीवर डोकं आपटलं, तिला दोन शिव्या दिल्या आणि पळालो. निळ्या फाटकापाशी पोचलो तेव्हा ती आई रडायची थांबली होती, खिडकीतून बाळाशी बोलत उभी होती. दार चार मिनिटांत उघडलं. बाळ माझ्याकडे बघून भोकाड पसरून रडलं.

मी जिन्यात येऊन चकाचकच्या दुकानाला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, उघडलं.

"बरं," ती म्हणाली. "आता फौजदारांच्या घरचं कपाट आहे, तिकडे जा."